गिटारसाठी जागा झाली

तुमच्यापैकी कुणी उद्या रिपोर्ट आणायला जाणार असेल, तर हे तिच्यासाठी लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, पण मध्येमध्ये "अरेरे" म्हणायचं नाही. ते मी भरपूर ऐकून घेतलंय, आणि तेही अशा बायकांकडून, ज्यांनी माझ्या चकलीला आयुष्यात कधी बरं म्हटलं नव्हतं.

मी एकोणसत्तर वर्षांची. लग्न होऊन नागपूरहून भोपाळला आले, बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये संसार केला, हे कारखान्यातून रिटायर झाल्यावर आम्ही कोलार रोडला फ्लॅट घेतला. एकच मुलगी, मेधा, ती पुण्यात. तिची मुलगी ईरा कॉलेजात शिकते. आणि गेल्या वर्षी मला स्तनाचा कॅन्सर झाला. घ्या, लिहून टाकला शब्द. आमच्या घरात सुरुवातीला त्याला 'ते' म्हणत. 'आईचं ते.' 'तुझं ते.' जसं काही नवऱ्याचं नाव, उखाण्याशिवाय घ्यायचंच नाही!

रंगपंचमीच्या दिवशी

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या, पण बोलत होत्या ह्यांच्याशी. "अंकल जी, देखिए, घबराने की बात नहीं है."

मी म्हटलं, "इनको कम सुनाई देता है. मुझे बताइए. बीमार मैं हूँ."

मग त्यांनी मला सांगितलं. हळू आवाजात, समजावून, टेबलावरची पेन सरळ करत. मी मान डोलावत होते. बाहेर आलो तर हे विचारतात, "काय म्हणाल्या?"

"कॅन्सर आहे म्हणाल्या."

"काय?"

"कॅन्सर!"

"अगं, जरा मोठ्याने—"

"कॅन्सर हो, कॅन्सर!" सगळा कॉरिडॉर माझ्याकडे बघायला लागला. औषधाच्या खिडकीपुढची रांगसुद्धा वळली. अशी माझ्या आजाराची दवंडी मीच पिटली. नंतर मला वाटलं, बरं झालं. एकदा ओरडून सांगितलेली गोष्ट कुजबुजता येत नाही.

परत येताना ऑटो चौकात अडला. रंगाने माखलेल्या पोरांनी आत डोकं घातलं, "आंटी, बुरा न मानो," आणि माझ्या दोन्ही गालांना गुलाल फासला. ऑटोवाला त्यांच्यावर खेकसला. मी म्हटलं, लावू द्या. आज मला हात लावायला कुणी घाबरत नाहीये, हे शेवटचंच असेल.

भीती घरी आल्यावर वाटली. भात लावायला तांदूळ काढले आणि एक वाटी घ्यावी की दोन, हेच ठरेना. वाटी हातात घेऊन ओट्यापाशी तशीच उभी राहिले. हे आले, माझ्या हातातली वाटी काढून घेतली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा स्वतः भात लावला. त्याची खीर झाली होती. आम्ही दोघांनी ती मुकाट्याने खाल्ली.

लाल शरबत

आधी ऑपरेशन झालं. उजवी बाजू सपाट. मग केमो. पहिल्या काही फेऱ्यांचं औषध लाल असतं, त्याला वॉर्डातल्या बायका लाल शरबत म्हणतात. ओळीने खुर्च्या, प्रत्येकीच्या हाताला नळी, आणि प्रत्येकीचा माणूस बाहेर बाकावर मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेला.

माझ्या शेजारच्या खुर्चीत नफीसा आपा असायच्या. जुन्या शहरातल्या. वयाने माझ्याएवढ्याच, जिभेने माझ्याहून तिखट. पहिल्याच दिवशी माझ्या डोक्याकडे बघून म्हणाल्या, "बाल कब जाएँगे आपके?"

"कहते हैं, दूसरी बार के बाद."

"अच्छा है. गर्मी आ रही है."

त्यांच्याकडून मी एक शिकले. वॉर्डात कुणी रडायला लागलं की बाकीच्या 'मत रोइए' म्हणतात. आपा म्हणायच्या, "रो लो बीबी, पर सुई वाला हाथ मत हिलाना."

केस गेले तेव्हा मला ती वेणीवाली आठवली. म्हणजे मीच, बरखेड्याला नवी आलेली. वेणी गुडघ्यापर्यंत नव्हती, कमरेपर्यंतच होती, पण चालायची अशी की गुडघ्यापर्यंत असावी! भलती शहाणी. कुठल्याही हळदीकुंकवाला हिला कुणी म्हटलं, "म्हण ना गं एखादं गाणं," की ही पदराशी चाळा करणार, "नको हो, आज घसा बसलाय." दुसऱ्यांदा आग्रह झाला, तरी बसलेला. तिसऱ्यांदा झाला की घसा टुणकन उठून उभा! आणि तिसऱ्यांदा कुणी म्हटलंच नाही, तर घरी येऊन दोन दिवस भांडी आपटणार. नववर्षाच्या पार्टीत ह्यांचे एक मित्र गिटार वाजवायचे, तर ही नाक मुरडून म्हणायची, "वाया गेलेल्या मुलांचं वाद्य ते." भेटली तर तिची वेणी दाराच्या कडीला बांधून ठेवीन आणि सगळ्या गोष्टी पुन्हा शिकवीन.

जागा

ईराने एका सुट्टीत आमच्याकडे गिटारचा क्लास लावला होता. क्लास सुटला, गिटार माळ्यावर राहिली. उन्हाळ्यात फोनवर ती म्हणाली, "आजी, बोअर होत असशील ना? माझी गिटार काढ खाली. मी शिकवते व्हिडिओवर."

"अगं, मला उलट्या होतायत."

"मग उलट्यांच्या मध्ये."

ह्यांनी स्टुलावर चढून गिटार काढली. मी खुर्चीत बसून ती उजव्या मांडीवर घेतली, छातीशी टेकवली, आणि मला हसूच आवरेना. उजव्या बाजूला आता काही नव्हतंच. गिटार अशी चपखल बसली, जशी पोळपाटावर पोळी.

"आजी, परफेक्ट पोश्चर आहे तुझं!" ईरा फोनमधून ओरडली. "माझी तर नेहमी घसरते."

"त्यासाठी ऑपरेशन करावं लागतं," मी म्हटलं.

पलीकडे ईराने आधी मागे वळून आईकडे बघितलं. मग ती हळूच हसली. घरात त्या बाजूबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी हसलं होतं. मेधा मागून म्हणाली, "आई, काय हे!" मी म्हटलं, काय म्हणजे? तुम्ही सगळे जिथे बघायचं टाळता, तिथे मी एक भाडेकरू ठेवलाय.

मोहरी, जिरं, हिंग, हळद

पुढच्या औषधाने दोन गोष्टी केल्या. बोटांची टोकं बधिर झाली, आणि डोक्यात धुकं भरलं. नर्सने सांगितलं होतं की असं होतं, बहुतेकींचं हळूहळू कमी होतं. 'बहुतेकींचं' हा शब्द फार वाईट.

गिटार शिकणाऱ्याची बोटं सुरुवातीला सोलवटून निघतात म्हणे. माझी निघाली तरी मला कळणार नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाजवा, पण कापून घेऊ नका. म्हणून दर थोड्या वेळाने चष्मा लावून बोटं तपासायची. तार कुठे आहे तेही लागत नव्हतं. दाबतेय की शेजारच्या तारेला गुदगुल्या करतेय, काही पत्ता नाही. मग मी टिकल्यांचं पाकीट काढलं. गिटारच्या पट्टीवर, जिथे बोट ठेवायचं तिथे तारेखाली टिकली. एका कॉर्डला, म्हणजे एकदम दाबायच्या तारांच्या जुडीला, लाल, एकाला हिरव्या, एकाला मरून. ईराने बघितलं आणि किंचाळली, "आजी! ते लाकूड आहे, कपाळ नाही!"

"दिसतंय की नाही मला? मग झालं."

कॉर्डची नावं मात्र राहीनात. जी म्हटलं की सी दाबायचे, सी म्हटलं की विचार करत बसायचे. सकाळी येणारं दुपारी गेलेलं. एक दिवस मी चिडून गिटार खाली ठेवली आणि वरणाला फोडणी द्यायला गेले. आणि तिथे हात आपोआप चालला. मोहरी, मग जिरं, मग हिंग, मग हळद. डोक्यात कितीही धुकं असो, आयुष्यात मी कधी हळद आधी आणि मोहरी नंतर घातलेली नाही. कढईसमोरच मला उपाय सापडला. जी म्हणजे मोहरी. डी म्हणजे जिरं. ई मायनर म्हणजे हिंग. सी म्हणजे हळद. याच क्रमाने चार कॉर्ड फिरवले की एक ओळ होते.

मी दिवसभर पुटपुटत बसायचे, "मोहरी, जिरं, हिंग, हळद." हे दोनदा स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या ओट्याकडे बघून आले.

आरती

शेवटची केमो झाली आणि गणपती आले. बरखेड्याच्या मंडळात आरती सांगायचा मान इतकी वर्षं माझा. तुम्हाला माहीत आहे, आरत्या सगळ्यांना पाठ असतात आणि कुणालाच पाठ नसतात. चाली सारख्या, त्यामुळे लोक एका देवाच्या आरतीतून शिरतात आणि भलत्याच देवाच्या आरतीतून बाहेर पडतात. मग सगळे टाळ्या वाजवत माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी त्यांना वाटेवर आणते. हे माझं काम.

त्या संध्याकाळी स्कार्फ बांधून गेले, सुरू केलं, आणि मध्येच समोर काहीच नाही. पाटी कोरी. टाळ चालू, झांजा चालू, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मी ओठ हलवतेय. शेवटी मागच्या कुणीतरी मंत्रपुष्पांजलीच सुरू करून टाकली. माझी सुटका केली, आणि मला ते ओरखड्यासारखं लागलं.

मेधा गणपतीला आली होती. तिने ते पाहिलं. आणि त्याच आठवड्यात मी दूध तापत ठेवून गॅलरीत जाऊन बसले. पातेलं काळं, घरभर धूर.

"आई, आता बास," मेधा म्हणाली. "हा फ्लॅट काढू या. तुम्ही दोघं पुण्याला चला."

"बाबा आहेत ना इथे माझ्याजवळ."

"बाबांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही आणि तुला गॅस लावलेला आठवत नाही. तुम्ही दोघं मिळून एक माणूस होत नाही!"

वाक्य चांगलं होतं. माझीच मुलगी आहे. आणि खरंही होतं, म्हणून जास्त लागलं.

"तिथे तुला काहीसुद्धा करावं लागणार नाही," ती म्हणाली.

"त्याचीच भीती वाटते."

ती पुण्याला गेली आणि तिने फोनवरून गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. ह्यांना मी विचारलं, तुमचं काय मत? म्हणाले, "तुमचं मायलेकींचं ठरलं की सांगा." असा माणूस कारखान्यात युनियनचा सेक्रेटरी होता, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

ते दिवस वाईट गेले. माझं डोकं परत येणार की नाही, हे मला कोण सांगणार होतं? मी विसरले की मला माझ्या घरातून उचलून दुसऱ्याच्या घरात नीट ठेवून देणार, फुलदाणीसारखं. रोज सकाळी उठल्यावर मी स्वतःची परीक्षा घ्यायचे. काल भाजी काय केली? दूधवाल्याच्या मुलीचं नाव काय? आणि नापास झाले की कुणाला सांगायचे नाही.

मग एक दिवस ठरवलं. पाठांतरच हवंय ना? करते. पण एक अख्खं गाणं, कागदाशिवाय, गिटारवर.

गाणं निवडलं आमचंच. बरखेड्याला हिवाळ्यात आम्ही बायका उन्हात विणायला बसायचो, तिथे सगळ्यांनी मिळून रचलेलं. कुठे लिहिलेलं नाही. त्यातल्या दोघी गेल्या, बाकीच्या मुलांच्या गावी पांगल्या. सुरुवात अशी:

भोंगा झाला गं, सायकल गेली गं,
डबा राहिला ओट्यावरी;
आज उपाशी राहू दे राजा,
मी निघाले शेजारघरी!

यातली शेवटची ओळ मीच जोडली होती, हे सांगून ठेवते. त्या वेणीवालीला एवढं तरी जमलं. एकूण तीन कडवी. चाल चार कॉर्डांत बसते. मोहरी, जिरं, हिंग, हळद.

ईराने एक बजावलं, "आजी, शब्द चुकले तर चुकू दे, उजवा हात थांबवू नको." मी रोज दुपारी बसायचे. पहिलं कडवं टिकलं. दुसरं टिकायचं, जायचं, टिकायचं. तिसरं म्हणजे ओल्या साबणासारखं.

टोचलं

नवरात्र संपता संपता एका दुपारी मी हिंगावरून हळदीवर जात होते आणि "आई गं!" म्हणून ओरडले. अनामिकेला तार चावली. खरीखुरी, लालबुंद, ठणकणारी चावली. मी दुसरं बोट दाबलं. तेही दुखलं, थोडंसं. मी एकेक बोट दाबत सुटले.

फोन केला तो नफीसा आपांना.

"आपा, उँगली दुख रही है!"

"मुबारक हो," त्या म्हणाल्या. "मेरे तो पाँव में कल चप्पल काटी. मैंने सदक़ा दिया." देवाच्या नावाने दान केलं म्हणे.

जिची बोटं अजून बधिर आहेत तिने हे वाचून स्वतःशी तुलना करत बसू नये. माझ्याही दोन बोटांची टोकं अजून झोपलेलीच आहेत. पण त्या दुपारी मी त्या दुखण्याचे इतके लाड केले, की हे विचारायला लागले, डॉक्टरला फोन करू का?

घर बघायला आलेली माणसं

दिवाळीला मेधा आणि ईरा आल्या. भाऊबीज झाल्यावर मेधा जरा जास्तच गोड आवाजात म्हणाली, "आई, आज दुपारी कुणी येणारेत. नेहरू नगरचे आहेत. फक्त बघून जातील."

"काय बघून?"

ती ईराकडे बघायला लागली. ईरा छताकडे.

नवराबायको आले. माणसं सभ्य होती. बाई आल्या आल्या पडद्यांकडे बघायला लागल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ये दीवार हट सकती है क्या?" त्या भिंतीला टेकून मी बसले होते. गिटार घेऊन.

"बैठिए," मी म्हटलं. "गाना सुनिए."

त्यांना वाटलं मी विचारतेय. मी विचारत नव्हते. कुणी एकदाही आग्रह केला नव्हता. घसा ठणठणीत होता.

पहिलं कडवं झालं. त्या बाईंना मराठी कळत नव्हतं, पण 'शेजारघरी'ला त्यांची मान हलली. दुसरं झालं. तिसऱ्याची एक ओळ झाली, आणि पाटी कोरी. तीच आरतीची कोरी पाटी. मेधाने डोळे मिटून घेतले. माझा उजवा हात चालूच होता. मोहरी, जिरं, हिंग, हळद. पुन्हा एक फेरी. शब्द आले नाहीत.

मी हात थांबवला आणि मोठ्याने म्हटलं, "भूल गई. फिर से सुनिए."

आणि पहिल्यापासून सुरू केलं.

दुसऱ्यांदाही त्याच जागी अडकले. "फिर भूल गई." ईरा हसू दाबायला चिवड्याचा डबा उघडून बसली. मेधा दबक्या आवाजात म्हणाली, "आई, पुरे ना. ते लोक ताटकळलेत."

"बसू दे. त्यांना शेव दे."

तिसऱ्यांदा ती ओळ आली. वाकडीतिकडी आली, एक शब्द बदलून आली, पण आली, आणि तिच्यामागून राहिलेल्या ओळी शाळा सुटल्यासारख्या धावत आल्या. गाणं संपलं. पाहुण्याबाईंनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि मग विचारलं, "आंटी, आप लोग खाली कब करेंगे?"

"नहीं करेंगे," मी म्हटलं. "अनारसे खाकर जाइए."

नंतर

पाहुणे गेल्यावर मेधा स्वयंपाकघरात आली. संतापली होती.

"मला तोंडघशी पाडलंस तू आज."

"मला न विचारता बोलावलंस कशाला?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग!" आणि ती रडायला लागली. माझी पन्नाशीच्या उंबऱ्यावरची मुलगी, बाहीने नाक पुसत. "मला भीती वाटते गं. अवेळी फोन वाजला की उचलायचं धाडस होत नाही. तू आता तिथे विसरलीस, दोनदा विसरलीस. माझ्या डोळ्यांसमोर."

"विसरले," मी म्हटलं. "आणि विसरले म्हणून सांगितलं. गणपतीत मी नुसते ओठ हलवले होते. तुझ्याकडे आले तर मी रोज ओठच हलवीन मेधा, तुला कळू नये म्हणून. मला पण भीती वाटते. पण ती माझ्या घरात वाटू दे. इथे मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं."

हे दारात येऊन उभे होते. किती ऐकू आलं देव जाणे. म्हणाले, "मेधा, मी येतो तुझ्याकडे पंधरा दिवस. हिला जरा प्रॅक्टिस करू दे." रडता रडता ती हसली, आणि मग पुन्हा रागावली.

तिच्या काही अटी मी मान्य केल्या. आपोआप बंद होणारी शेगडी आली. शेजारच्या बाईंकडे किल्ली दिली. रोज सकाळी फोन करते, आणि भाजी काय केली हे आठवत नसेल तर आठवत नाही असं सांगते. तिने मान्य केलं ते फक्त पुढच्या तपासणीपर्यंत. कायमचं नाही. ठीक आहे, माझं तरी कुठलं काय कायमचं आहे.

तर उद्या रिपोर्ट आणायला जाणाऱ्या बाई, तुमच्या रिपोर्टमध्ये काय असेल मला माहीत नाही. माझ्या पुढच्या रिपोर्टमध्ये काय असेल तेही नाही. एवढं करा, डॉक्टर तुमच्या माणसाकडे बघून बोलायला लागले तर खुर्ची पुढे ओढा. आणि असं काहीतरी शिकायला घ्या, जे तुम्हाला अजिबात येत नाही. जे येत होतं त्याची आठवण फार छळते. जे येतच नव्हतं, त्यात कुणी तुमची कीव करू शकत नाही.

निघताना स्टेशनवर मेधा म्हणाली, "पुढच्या वेळी येईन तेव्हा गाणं न अडखळता म्हणून दाखव, मग बघू."

"अडखळतच म्हणणार आहे," मी म्हटलं. "ऐकायचं असेल तर ये."